कासवडोहाची किल्ली

३ मे

काल दुपारच्या वाऱ्याने गवत झोपवलं. डोक्याच्या वर गेलेलं भालेगवत आडवं झालं आणि महिन्यांनंतर जमीन दिसली. आता जाळायचे दिवस. दवात लावलेली आग पायाखालून सरपटत जाते, झाडांना त्रास देत नाही. हे दिवस हुकले की ऑक्टोबरच्या उन्हाळ्यातली आग येते, आणि ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

आज राष्ट्रीय उद्यानाच्या ऑफिसात बैठक झाली. जमीन आम्हा मूळ रहिवाशांची, उद्यान सरकारचं, कारभार दोघांचा. म्हणून प्रत्येक गोष्टीला बैठक आणि प्रत्येक बैठकीला कोरडी सँडविचं. या वर्षी नवी अधिकारी आली आहे, अ‍ॅनिका, दक्षिणेच्या थंडीतून. उन्हाने नाक सोलवटलंय बिचारीचं. तिने भिंतीवरच्या नकाशात कासवडोहावर बोट ठेवलं आणि विचारलं, "इथे इतकी वर्षं आग का लावली नाही?"

सगळे सँडविचं उलगडू लागले. शेवटी मी सांगितलं की माझी आई तिथली. तिथेच जन्मली. ती गेली तेव्हापासून डोह बंद आहे. आमच्यात माणूस गेलं की त्याची जागा बंद होते; तिथे जायचं नाही, मासे धरायचे नाहीत, आग लावायची नाही. धुराने जागा मोकळी केली की मग सगळं पुन्हा सुरू.

"पण फाट्यावर पाटी आहे, 'दुरुस्तीसाठी बंद'," अ‍ॅनिका म्हणाली.

"डोहाची तोटी गळतेय," सेड्रिक म्हणाला. सेड्रिक माझा मामेभाऊ. तोही माझ्यासारखा इथे रेंजर आहे. मामेभावाने चिडवायचं आणि मी उलट शिव्या द्यायच्या, हे आमच्यात ठरलेलंच आहे.

अ‍ॅनिकाला काळजी आहे ती खरी आहे. इतक्या वर्षांचा पालापाचोळा साचलाय. पाण्याकाठची कागदी सालीची म्हातारी झाडं एका ऑक्टोबरात जातील. तिने विचारलं, "मोकळा करायचा कधी, ते कोण ठरवतं?"

"धाकटी आई," मी म्हटलं. धाकटी आई म्हणजे माझ्या आईची बहीण, डल्सी. आमच्यात आईची बहीण आईच असते. मग मी अ‍ॅनिकाला आमची पद्धतही समजावली. ज्यांच्या बापाची जमीन ते मालक, म्हणजे डल्सी आई आणि तिच्या भावाचा मुलगा सेड्रिक. ज्यांच्या आईची जमीन ते राखणदार, म्हणजे मी. "घर त्यांचं, किल्ली माझ्याकडे," असं म्हटलं. अ‍ॅनिकाला ते फार आवडलं. सेड्रिक खिडकीबाहेर बघून शीळ घालायला लागला.

बोलायला बरं वाटतं असलं काही. प्रत्यक्षात डल्सी आईपुढे तोंड कोण उघडणार?

९ मे

शहरात, डार्विनला, जाऊन आले. डल्सी आई तिथल्या वसतिगृहात राहते, दिवसाआड डायलिसिसला जाते. इथे यंत्र नाही, म्हणून तिला तिथे राहावं लागतं. तिच्या खोलीच्या खिडकीतून गाड्यांचा तळ दिसतो आणि एक आंब्याचं झाड. ती त्या झाडाकडे पाठ करून बसते.

मी बर्फात घालून बारामंडी नेला होता.

"मेलेला मासा आणलास?"

"जिवंत कसा आणू, आई? गाडीत पुढे बसवू?"

"कासव आणायचं होतंस."

"कासवं डोहात आहेत."

तिने मासा बाजूला सारला. मग हळूच विचारलं, "गवत पडलं?"

"पडलं."

"पाणी निवळलं?"

हे पाण्याबद्दल नसतं. दुःख निवळलं का, जागा मोकळी करावी का, असं आमची माणसं या शब्दांत विचारतात. मला माहीत आहे तेवढं. मी म्हटलं, "तू म्हणशील तसं, आई."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या चहात मीठ घातलंय. मग टीव्हीचा आवाज वाढवला. तिचा फुटबॉलचा संघ हरत होता, त्यांना तिने ज्या शिव्या घातल्या त्यातल्या निम्म्या माझ्यासाठी होत्या असं वाटलं. का, ते कळलं नाही.

परत येताना फाट्यावर गाडी थांबवली. तिथून डोह दिसत नाही, फक्त कड्याची लाल कड दिसते. आई मांड्यांपर्यंत चिखलात उभी राहून लोखंडी सळईने कासवं शोधायची. सळई पाठीवर टक्क वाजली की हसायची. मी शाळेसाठी शहरात वाढले, सुट्टीतच यायचे, तरी तो आवाज माझ्या कानात आहे. मला तो आवाज ऐकायचाय. एवढंच हवंय मला, आणि ते गाडीने अर्ध्या तासावर आहे.

१६ मे

दिवसभर आग. सकाळी हेलिकॉप्टरमधून कड्यावर, दुपारी पायी, तेलाची मशाल घेऊन. घारी धुरात घिरट्या घालत टोळ उचलत होत्या. अ‍ॅनिकाच्या बुटाचा तळ वितळला.

चहाच्या वेळी सेड्रिकला म्हटलं, "तुझ्या आत्याशी तू बोल ना. तू मालक आहेस."

"म्हणूनच नाही बोलणार."

"का?"

"आपल्याच तोंडाने मागू? मी आणि आत्या एका बाजूचे. लाज काढशील माझी."

"मग बोलायचं कुणी?"

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "शहरवाली," म्हणाला, "तू नकाशा बरा वाचतेस, नाही?" आणि उठून गेला. सेड्रिक कधीच काही पुरतं बोलत नाही. त्याच्या बायकोचंही हेच म्हणणं आहे.

३० मे

पुन्हा डार्विन. डल्सी आई खोली आवरत होती. बरं वाटलं, हालचाल करतेय म्हणून. मला तिचा निळा कांबळा दिला, गळ टाकायची दोरी दिली. रेडिओ शेजारच्या खोलीतल्या बाईला दिला. "सामान फार झालं होतं," म्हणाली. खरंच, ती खोली आहे केवढी!

नर्स मला बाजूला घेऊन म्हणाली की दोनदा ती यंत्रावर गेली नाही. मी डल्सी आईला रागावले. तिने लहान मुलासारखं ऐकून घेतलं. मग तेच: "पाणी निवळलं का, पोरी? तुला काय वाटतं?"

"मला काय वाटणार? मोठी तू आहेस."

"मोठी मी आहे," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

मला राग येतोय, लिहूनच टाकते. तिला बहिणीचं दुःख आहे तसं मला आईचं नाही का? ती एक शब्द बोलत नाही आणि मी वर्षानुवर्षं फाट्यावर उभी राहून कड्याची कड बघते. म्हाताऱ्या माणसांना आपल्या दुःखाशिवाय दुसरं काही दिसत नाही.

१२ जून

जून म्हणजे आमचा हिवाळा, कडाक्याची थंडी. सगळे रेंजर कानटोप्या घालून बैठकीला. अ‍ॅनिकाने न राहवून डल्सी आईला सगळ्यांसमोर फोन लावला. फार नम्रपणे विचारलं, "कासवडोहाचं तुम्ही काही ठरवलंत का?"

फोनमधून खोकला आला. मग आवाज, "मला काय विचारतेस? माझ्या मुलीला विचार."

सगळे मान वळवून माझ्याकडे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने मला असं सगळ्यांच्या तोंडी द्यावं! मी जोरात म्हटलं, "तीच ठरवेल. मी तिच्या शब्दाबाहेर नाही."

फोन बंद झाला. सेड्रिकने टोपी डोळ्यांवर ओढली. अ‍ॅनिकाला वाटलं रेंज गेली.

१९ जून

आज सगळं लिहायचंय. सरळ क्रमाने लिहिते.

नदीपलीकडची जमीन माझ्या बापाची. तिथे मी मालक. तिथला राखणदार माझा आतेभाऊ वेंडेल. तिथलं गवत केव्हाच जाळायला आलं होतं आणि वेंडेलचा पत्ता नव्हता. मी मनात चरफडत होते. त्याला फोन करणं शक्यच नव्हतं. मालकाने स्वतः "माझी जमीन जाळ" म्हणायचं म्हणजे पाहुण्याने स्वतःच ताट वाढून घ्यायचं. गेल्या आठवड्यात तो दुकानात भेटला. मी त्याला नुसतं विचारलं, "काय रे, गवत पडलं का तिकडे?" तो हो म्हणाला आणि सिगारेट घेऊन गेला. डोकंच फिरलं माझं.

आज सकाळी तो दारात. "चल, नोरीन, जाळायचंय. तू गाडीत बस. बोलू नकोस." मी राणीसारखी बसून राहिले आणि तो व त्याची मुलं आग लावत गेली. धूर वर चढला तसं इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. त्याला म्हटलं, "किती वाट बघायला लावलीस!" तो म्हणाला, "तू विचारलंस ना दुकानात, तेव्हाच समजलो."

घरी येऊन हे इथवर लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

गवत पडलं का. पाणी निवळलं का. तुला काय वाटतं, पोरी.

ती मला विचारत नव्हती. ती मागत होती. इतकी वर्षं, जेवढं मालकाला मागता येतं तेवढं. आणि मी प्रत्येक वेळी तिलाच म्हणत राहिले, तू म्हणशील तसं. "किल्ली माझ्याकडे" असं मीच सगळ्यांना सांगत फिरते!

सेड्रिकला फोन केला. म्हटलं, "मला सरळ सांगायचं होतंस, गाढवा."

"मी कसा सांगणार? मी मालक."

"मग एवढा हसलास कशाला?"

"तेवढंच करता येत होतं," तो म्हणाला.

२० जून

उजाडताच निघाले. डल्सी आई यंत्रावरून नुकतीच आली होती, तोंड राखेसारखं. मी दारातूनच म्हटलं, "आई, पाणी निवळलं. आपण जायचं. मी सांगतेय."

मग तिचा चेहरा हसायला लागला आणि मधेच रडायला लागला.

"किती वेळ लावलास गं."

"मला कळलं नाही."

"तुझ्या आईला सांगत होते मी. पोरीला शाळेत घालतेस, घाल. पण हे कोण शिकवणार?" मग नाक पुसून म्हणाली, "सळई आहे का? की तीही बर्फात घालून आणणार आहेस?"

डॉक्टरांनी दोन वेळांमधल्या एका मोकळ्या दिवसाची परवानगी दिली. थोडी ताकद येऊ दे म्हणाले.

६ जुलै

गेलो. आज गेलो.

फाट्यावर सेड्रिकने ती पाटी उपटली आणि टपावर बांधली. वाट उरलीच नव्हती, तो पुढे चालत फांद्या तोडत होता. अ‍ॅनिका मागच्या गाडीत पाण्याची टाकी घेऊन होती. कड्याच्या वळणावर डल्सी आई म्हणाली, "थांब." तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि हाक मारली. आमच्या भाषेत, मोठ्याने, कड्यावरच्या माणसांना, म्हणजे आमच्या आधीच्या सगळ्यांना. तिच्या त्या सुकलेल्या छातीत एवढा आवाज कुठून आला?

"मी आलेय! रागावू नका, उशीर झाला. ही पोरगी आणलीय. तुमच्या मुलीची मुलगी. हिला ओळखून ठेवा, हिला पाडू नका, हिला मासा द्या!"

आणि मग तिने माझ्या आईचं नाव घेतलं. इतक्या वर्षांत ते कुणी घेतलं नव्हतं; आमच्यात जागा मोकळी होईपर्यंत गेलेल्याचं नाव घेत नाहीत. कड्याने ते परत दिलं. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. सेड्रिक बिचारा दुसरीकडे बघत उभा राहिला, आणि त्याला काही चिडवायला सुचलं नाही.

पाला पेटवून आम्ही सगळे धुरातून गेलो. मग आग. डल्सी आई सावलीत कांबळ्यावर बसली, तिने काडीला हातही लावला नाही. मी लावली. ज्या बाजूने आई पाण्याकडे उतरायची त्या बाजूने सुरुवात केली. म्हाताऱ्या झाडांभोवतीचा पाला आधी हाताने ओढून काढला. आग शहाण्यासारखी चालली. अ‍ॅनिकाने विचारलं, "आता टाकी लागेल का?" डल्सी आई म्हणाली, "हो, चहाला."

नंतर ती माझ्या हाताला धरून पाण्यात उतरली. ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि माझ्या डोक्यावर फवारलं, डोहाने मला ओळखावं म्हणून. ते केसांतून मानेवर उतरलं. गार, चिखलाच्या वासाचं. लहानपणी आईने हेच केलं होतं. मला वाटत होतं मी विसरले असेन.

सळई मीच घेतली. कितीदा तरी नुसता चिखल. मग टक्क. मी आईसारखीच हसले, मला ऐकू आलं.

कासव निखाऱ्यात भाजलं. डल्सी आईने चरबीचा पिवळा तुकडा तोंडात धरून ठेवला, गिळेना. संध्याकाळी मी म्हटलं, निघायला हवं, उद्या यंत्र आहे. तर म्हणाली, "मी राहते. सेड्रिक आहे, त्याची बायको येईल. तू उद्या पाव घेऊन ये."

"आणि यंत्र?"

"पुढच्या वेळी जाईन. एकदा चुकलं तर काय होतं?"

तिचा चेहरा इतका टवटवीत होता की मला वाद घालवेना. नर्सला फोन केला. ती म्हणाली, "तिने आम्हाला सांगितलंय." तरी बरं, तिने आधीच परवानगी घेऊन ठेवली होती.

निघताना तिने माझा कान ओढला. "पुढच्या वेळी इतका वेळ लावू नकोस."

"दरवर्षी लावेन आग, आई. बघच तू."

ती हसली.

९ जुलै

डोहावरच आहे. मीही रजा टाकली. डल्सी आई मजेत आहे. पाय सुजलेत, थंडीने असेल. मी शहराचं नाव काढलं की ती डोळे मिटून घेते. कालपासून एकेक नातेवाईक येतोय; वेंडेलसुद्धा नदी ओलांडून आला. एवढी माणसं डोहावर मी लहानपणीच पाहिली होती. सगळे डोह उघडला म्हणूनच आलेत. ती प्रत्येकाचा हात बराच वेळ धरून ठेवते. आज तिने विचारलं, "तू जाळलेल्या जागी हिरवं आलं का?" इतक्यात कुठलं, म्हटलं. मग जाऊन नीट पाहिलं तर राखेतून कोंब आलेले. मूठभर आणून तिच्या हातात दिले.

११ जुलै

उद्या सकाळी तिला डार्विनला नेतेच. ऐकणार नाही मी तिचं.

२४ ऑगस्ट

आता नाव लिहायचं नाही. मागच्या पानांवर ते आहे, म्हणून ती पानं मी पिनेने जोडून टाकली आहेत.

न्यायची वेळ आलीच नाही. ती पहाटे झाडाखाली गेली, कांबळ्यात, पाण्याकडे तोंड करून. सगळ्यांना माहीत होतं. नर्सला, सेड्रिकला, नदीपलीकडच्या वेंडेलला. मी तेवढी पावाची पाकिटं मोजत होते.

सेड्रिकने पाटी परत नेऊन रोवली. डोह पुन्हा बंद. एवढी वर्षं वाट पाहून मला तो जेमतेम एक आठवडा मिळाला.

१२ सप्टेंबर

अ‍ॅनिकाने स्वतःच्या हाताने नवी पाटी रंगवली आहे. "बंद. घरात दुःख आहे." अक्षर वाकडं आलंय. मला फार आवडली. रोवताना ती तिचं नाव घ्यायला गेली आणि मधेच जीभ चावली. शिकली पोरगी.

मग भीतभीत विचारलं, "नोरीन, पुन्हा कधी उघडायचं... ते तू सांगशील ना?"

"मी सांगेन," मी म्हटलं. या वेळी मला माहीत होतं.

३ ऑक्टोबर

उकाडा. पश्चिमेला कुणाच्या तरी जमिनीवर वाईट आग लागलीय, आभाळ तांबूस आहे. कासवडोह वाचेल. जुलैतल्या काळ्या पट्ट्यापाशी येऊन आग उपाशी मरते.

सेड्रिक रोज संध्याकाळी येतो. चहा पितो, फुटबॉलबद्दल बोलतो. तिचा संघ शेवटी हरलाच. आज उठताना टोपी हातात घेऊन म्हणाला, "यंदा पाऊस लवकर येईल का गं? गवत वाढेल मग." एवढंच. माझ्याकडे न बघता. त्याचीही ती आत्या होती, त्यालाही तिथे जाऊन बसायचंय. त्याला याहून जास्त मागता येत नाही.

मी म्हटलं, "येईल. वाढू दे."

तो मान हलवून गेला.

तो गेल्यावर फाट्यावर गेले. गाडी बंद करून बसले. कड्याची कड तशीच लाल. मला आत जायचंय. तिच्या झाडाखाली बसायचंय, डोक्यावर ते पाणी हवंय, आणि फवारायला आता कुणी नाही. पुढे मलाच कुणाच्या तरी डोक्यावर फवारायचंय. आता कुणी मला अडवलेलं नाही. किल्ली माझ्याच हातात आहे आणि माझाच हात पुढे होत नाही. डोह उघडला की ती खरंच गेलेली असेल. तीही बहिणीसाठी अशीच बसत असेल, त्या आंब्याकडे पाठ करून, आणि तरीही मला विचारत राहिली.

पुढच्या वेळी इतका वेळ लावू नकोस, म्हणाली होती. मी समजले आगीबद्दल बोलतेय.

नाही लावणार, आई. गवत पडलं की सेड्रिकला गाडीत बसायला सांगेन. पण आज नाही. आज पाणी फार गढूळ आहे.